हात सैल सोडा

वाकणगडच्या बाजारात सरदार खडतऱ्यांची माणसं भरल्या बंदुका घेऊन फिरत, आणि तानाक्का कासारणीला ती दहशत बोटांनी कळे. बंदूक दिसली की गिऱ्हाइकाचा हात आखडायचा, बांगडी चढता चढता फुटायची. मागच्या बाजारी एक गोळी सुटली आणि शेजारचा लिंगाप्पा तेली जागीच गेला.

राजांनी बाजारात बंदूकबंदीचा कायदा मांडला, तेव्हा सरदारांनी राजांच्या पणजोबांची सनद भर दरबारात उलगडली. "यात लिहिलंय, रयतेने हत्यार बाळगावं. याचा अर्थ एकच. कुठेही बाळगावं, कसंही बाळगावं. ते खाली ठेव म्हणायचा हक्क कुणालाच नाही."

दरबारात रयतेच्या रांगेत तानाक्काही बसली होती. तिने मांडीजवळची बांगड्यांची पेटी उघडली. राणीवशात रोज जाणारी ती पेटी देवडीवर कुणी तपासत नसे. तिने मेलेल्या शिपाई नवऱ्याचं पिस्तूल काढून मांडीवर ठेवलं. नळी सरदारांकडे होती.

सरदार पांढरेफटक पडले. "आधी ते खाली ठेव."

"मीही रयतच आहे, सरदारसाहेब. असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"अगं, पण भरलेलं असलं तर?"

"रिकामं आहे. पण तुम्हाला कुठं ठाऊक होतं? बाजारात आम्हालाही ठाऊक नसतं."

राजांनी तिथल्या तिथे कायद्यावर शिक्का उठवला. सरदारांच्या मुठी अजून आवळलेल्याच होत्या. तानाक्का गिऱ्हाइकाला म्हणते तशी हळूच म्हणाली, "हात सैल सोडा, सरदारसाहेब. झालं आता."