पायउताऱ्याचा माळ

निंबारी गावातून घाटाकडे निघालं की हा काळा, दगडी माळ लागतो. याला पायउतारा म्हणतात. हे नाव कसं पडलं, ते आमच्याकडे असं सांगतात.

सव्वादोनशे वर्षं झाली असतील. मराठ्यांचेच दोन सरदार एकमेकांवर उठले होते. दोन्हीकडे निशाण भगवंच. त्यातल्या हैबतरावाच्या स्वारांनी दाणावैरणीसाठी गाव लुटलं. घरचं धान्याचं पेव राखायला इमाम नावाचा तरुण आडवा झाला, तर त्यांनी त्याच्या अंगावर घोडा घातला. इमामचा थोरला भाऊ दस्तगीर गावचा नालबंद. मयत धुताना त्याला भावाच्या छातीवर नालाचा ठसा दिसला. नाल त्याच्याच हातचा होता, म्हणे.

महिन्याभराने हैबतराव परत आला. दुसऱ्या दिवशी याच माळावर लढाई होती आणि घोड्यांचे नाल झिजले होते. दस्तगीरला बोलावणं आलं. तो इमामचा भाऊ, हे हैबतरावाला ठाऊकही नव्हतं.

"काय रे, एवढा वेळ का लावतोयस?"

"वय झालं, सरकार. नाल पक्का बसेल."

बायको अमीना खिळे देत होती. दस्तगीर प्रत्येक घोड्याच्या एका खुरात एक खिळा केसभर आत, जिवंत मांसाला लागून ठोकत होता. असा खिळा चालताना कळत नाही. दगडावर दौड पडली की कळ मस्तकात जाते. अमीनाने ते ओळखलं.

"अहो, मुक्या जनावराचं काय चुकलं?"

"इमामचं काय चुकलं होतं? खिळा दे."

तिने दिला.

दुसऱ्या दिवशी दौड सुरू झाली आणि माळाच्या मध्यावर पुढचे घोडे लंगडले. मागचे त्यांच्यावर आदळले. तासाभरात फौज कापली गेली. हैबतराव मांडीचं हाड मोडून पडला होता. दस्तगीर त्याला शोधत आला.

"नालबंदा, घोडा आण. मागशील ते देतो."

"उतरलात ना, सरकार? आता चालत जा," दस्तगीर म्हणाला आणि तिथेच बसून पाहत राहिला. हैबतराव हातांवर सरपटत निघाला. त्याला माळ काही सरला नाही.

आजही हैबतरावाच्या घराण्यातलं कोणी घाटाकडे निघालं, तर गावकरी गाडी अडवतात. "उतरा. पायी जा," एवढंच म्हणतात. तेही वाद घालत नाहीत. मागच्या चैत्रात ऐंशीच्या घरातले एक आजोबा काठी टेकत गेले. दोनदा पडले. आम्ही वीस-पंचवीस जण कडेला उभे होतो, माझ्या हातात पाण्याची बाटली होती. उचलायला कोणी गेलं नाही. मीही नाही.