परत मागितलेली भांडी

फार पूर्वी शोणवती नगरीत विदूरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तांबटाच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव नंदिसेन. तो तांब्याची भांडी घडवी, त्यांना आतून कल्हई करी आणि प्रत्येक भांड्याच्या काठाखाली पिंपळपानाचा लहानसा शिक्का मारी. नगरातल्या बायका भांडे घेताना बोटाने तो शिक्का चाचपून पाहत. शिक्का हाताला लागला की पुढे काही विचारत नसत.

एका उन्हाळ्यात नेहमीचे कथील आणणारा तांडा आलाच नाही. नंदिसेनाचा मेहुणा कालक दुकानाची खरेदी-विक्री पाही. त्याने डोंगराकडच्या एका अनोळखी माणसाकडून कथील आणले. ते नेहमीपेक्षा पांढरे आणि चमकदार होते. नंदिसेनाने ते हातात घेऊन पाहिले आणि त्याला ते आवडले. परीक्षा मात्र त्याने केली नाही. त्या कथलाने चाळीस भांड्यांना कल्हई झाली आणि आठ दिवसांत ती सगळी विकली गेली.

नवव्या दिवशी सकाळी शेजारच्या आळीतली भद्रिका दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिचे केस विसकटलेले होते.

"दादा, एखादा चांगला वैद्य ठाऊक आहे का तुम्हाला? काल दुपारपासून सासरे आणि हे, दोघेही ओकताहेत. पायांत गोळे येताहेत. सासऱ्यांच्या पोटात तर पाणीसुद्धा ठरत नाही."

"काय खाल्लं होतं?"

"भात आणि चिंचेचं सार. ताजंच होतं हो. तुमच्याच नव्या पातेल्यात केलं होतं. मला उपास होता, म्हणून मी तेवढी वाचले."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. नंदिसेनाला मात्र ते नवे कथील आठवले. वैद्याचे घर सांगून त्याने तिला पाठवले आणि उरलेल्या कथलाचा एक तुकडा निखाऱ्यावर टाकला. पांढरा धूर निघाला. धुराला लसणासारखा वास होता. कथलात सोमल नावाचे विष असले की असा वास येतो, हे प्रत्येक तांबटाला शिकवलेले असते. अशा भांड्यात आंबट काही शिजले की विष अन्नात उतरते.

त्याने वर पाहिले. नगरातल्या घराघरांतून चुलींचा धूर निघत होता. दिवस कैऱ्यांचे होते. कोणत्या चुलीवर आपले भांडे असेल, हे त्याला कळत नव्हते आणि धूर तर सगळीकडून येत होता.

कालकाने दुकानाचे दार आतून लावून घेतले. "दाजी, गप्प राहा. उन्हाळ्यात लोकांची पोटं बिघडतातच. उरलेलं कथील नदीत टाकू. कुणाला काही कळणार नाही."

"मला कळलंय ना," नंदिसेन म्हणाला.

"राजा जिवंत ठेवायचा नाही आपल्याला!"

"मलाही भीती वाटते, कालका. पण मी इथं दार लावून बसलो, तर प्रत्येक रडण्याचा आवाज कान देऊन ऐकत बसेन. त्याची भीती जास्त आहे."

तो तसाच राजवाड्यात गेला. राजा भोजनाला बसला होता. नंदिसेनाने सगळे सांगितले. पाकशाळेतही पिंपळपानाची दोन नवी भांडी आहेत, हेही सांगितले. राजाने हातातली वाटी खाली ठेवली. पाकशाळेतली ती भांडी चुलीवरून उतरवायला त्याने माणूस धाडला. तो म्हणाला, "शेवटचं भांडं परत येईपर्यंत तू मोकळा आहेस. मग तुझा निवाडा करू."

नगरात दवंडी फिरली. "पिंपळपानाचं नवं भांडं चुलीवरून उतरवा हो! त्यातलं अन्न खाऊ नका, जनावरालाही घालू नका!"

दवंडीमागून नंदिसेन आणि त्याची पत्नी उत्पला दारोदार फिरली. नव्या भांड्याच्या बदल्यात ती दोघे आपल्या घरातले जुने भांडे देत. कुणी भांडे मुकाट्याने आणून दिले, कुणी अंगावर फेकले. एका म्हातारीने आपले चमकणारे पातेले धान्याच्या कणगीत लपवले होते. उत्पला तिच्या उंबऱ्यावर दुपारभर बसून राहिली, तेव्हा ते बाहेर आले. परत आलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला नंदिसेन भोक पाडी. सहा घरांत माणसे अंथरुणाला खिळलेली होती. दुसऱ्या दिवशी भद्रिकेचे सासरे गेले.

तिसऱ्या दिवसापर्यंत एकोणचाळीस भांडी आली. चाळिसावे होते ते थोरले तपेले, शंभर माणसांची कढी होईल असे. ते कालकाने विकले होते, आणि विचारले की निवाड्याच्या भीतीने तो म्हणे, "आठवत नाही."

उत्पलेने भावाचा हात धरला आणि त्याला भद्रिकेच्या घरी नेले. सासऱ्यांची खाट रिकामी होती. भद्रिकेचा नवरा दुसऱ्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि भद्रिका त्याचे पाय चोळत होती. तिने मान वर करून विचारले, "कालकभाऊ, राहिलेलं भांडं मिळालं का हो?"

कालक तिथेच खाली बसला. "वेतसग्राम," तो म्हणाला. "नदीपलीकडे. तिथल्या गावप्रमुखाच्या, ग्रामणीच्या मुलीचं लग्न आहे. आजच."

उत्पलेने येऊन सांगताच नंदिसेन धावत सुटला. छातीइतक्या पाण्यातून त्याने नदी ओलांडली. वेतसग्रामात तो पोचला तेव्हा मांडवात पंगत बसली होती आणि पानांवर भात वाढून झाला होता. मागच्या अंगणात चुलाणावर थोरल्या तपेल्यात कढी उकळत होती. काठाखाली पिंपळपान स्पष्ट दिसत होते.

"वाढू नका! कल्हईत विष आहे!"

कुंडल नावाचा आचारी पळी घेऊन पुढे आला. "लग्नघरी असलं बोलतोस? मी तीनदा चाखलीय कढी. काही झालं नाही मला."

नंदिसेनाने तिथल्याच सुरीने तपेल्याच्या काठावरची कल्हई खरवडून निखाऱ्यावर टाकली. "बघा, लसणाचा वास येतोय."

"येणारच! कढीला लसणाचीच फोडणी आहे," कुंडल म्हणाला, आणि सगळे हसले.

वधूपिता ग्रामणी ओरडला, "बाहेर काढा याला! वाढायला घ्या."

दोघांनी नंदिसेनाला दंडाला धरून ओढले. एक वाढपी कढीत पळी घालणार, इतक्यात नंदिसेन हिसडा मारून सुटला, चुलाणाकडे धावला आणि दोन्ही हातांनी ते तापलेले तपेले ढकलून दिले. कढी अंगणभर पसरली. त्याच्या तळव्यांची कातडी तांब्याला चिकटून राहिली. लोकांनी त्याला काठ्यांनी मारले. तो मार खात होता आणि एवढेच म्हणत होता, "मुलांना त्यात पाय घालू देऊ नका."

मारणारे दमले, तेव्हा मागे कुणीतरी कण्हले. कुंडल पोट धरून जमिनीवर लोळत होता.

 ग्रामणीने पंगतीकडे पाहिले. त्याची मुलगी, तिची सासरची माणसे, गावातली सगळी पोरे भाताच्या पानांपुढे बसली होती. त्याच्या हातातली काठी गळून पडली. नंदिसेनाने सांगितले तसे कुंडलाला दूध आणि तूप पाजून ओकायला लावले. तो वाचला.

राजाने निवाडा भद्रिकेवर सोपवला. नंदिसेनाने मेहुण्याचे नाव घेतले नाही. तो म्हणाला, "शिक्का माझा होता. परीक्षा मी केली नाही."

भद्रिकेने त्याच्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहिले. "सासरे काही परत यायचे नाहीत," ती म्हणाली. "यापुढे नगरात येणारं प्रत्येक कथील यांनी भर चौकात, सगळ्यांच्या देखत निखाऱ्यावर टाकायचं. मरेपर्यंत हेच काम."

नंदिसेनाने ते आयुष्यभर केले. त्याच्या बोटांना पुन्हा हातोडा कधी धरता आला नाही.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या भिक्षूंकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची भद्रिका म्हणजे आज आजाऱ्यांची सेवा करणारी भिक्षुणी सोमदत्ता. कुंडल आचारी म्हणजे उपासक पुष्कर. नंदिसेन तांबट मीच होतो. आणि कालक म्हणजे परवा गावात औषधाची चुकीची मुळी वाटून आलेला, आणि दोन दिवस हे कुणालाही न सांगता इथे बसलेला भिक्षू सुनेत्र."

 सुनेत्र उठला, शास्त्यांना वंदन करायचेही विसरला आणि गावाच्या वाटेने धावू लागला.

शास्ता त्याच्याकडे पाहत म्हणाले, "आपल्या हातून दुसऱ्याला अपाय होईल याचे भय, आणि त्या भयाने उठून चालू लागणे, याला पापभीरुता म्हणतात."