रोबोटची पाठ

मालिकांत रडून नाव कमावलेली शर्वाणी इंगवले कोल्हापुरात रोबोटांच्या झुंजींची समालोचक झाली. पहिल्याच झुंजीत प्रोफेसर दिघावकरांचा ‘वज्र’ उताणा पडून हवेत चाकं फिरवू लागला.

“हरलेला नाही! चाकं फिरताहेत, तसंच जाहीर करा,” प्रोफेसर गरजले.

शर्वाणीने नकारार्थी मान हलवताच ते फणकारले, “बाई, पाठ केलेली वाक्यं बोलणाऱ्यांना यंत्रातलं काय कळणार?”

शर्वाणी माईकवर गोड आवाजात म्हणाली, “यंत्रातलं नाही कळत सर, पण पाठ कळते. माझी वाक्यं पाठ आहेत, म्हणून मी उभी आहे. तुमच्या रोबोटची पाठ लागलीय, म्हणून तो आडवा आहे.”

पंचांच्या आधी कुस्तीशौकीन प्रेक्षकच ओरडले, “चितपट!”

चाकं मात्र अजून फिरतच होती.