सव्वा माप

घाटमाथ्यावर खिंडवाडी नावाचं एक गाव होतं. तिथे मथुराबाई नावाची बाई राहत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने खिंडीतल्या देवीपुढे एक व्रत घेतलं होतं. ते उपासाचं नव्हतं, की प्रदक्षिणांचंही नव्हतं. नवऱ्याच्या रायफलीचं प्रत्येक काडतूस मी माझ्या हातानं भरीन, एकात जास्त नाही, एकात कमी नाही, सगळी सारखी भरीन, एवढंच ती देवीला बोलली होती.

तसं बोलायला कारण घडलं होतं. तिचा नवरा कुशाबा हा राजाच्या चौकीवरचा नेमबाज. खिंडीतून जाणाऱ्या वाटसरूंची राखण त्याच्याकडे असे. त्या वर्षी मुठीच्या अंदाजानं, घाईघाईत भरलेलं एक काडतूस त्याने लुटारूवर झाडलं आणि गोळी एका वाटसरूच्या कानाला चाटून गेली. माणूस वाचला. पण कुशाबा तीन दिवस जेवला नाही.

तेव्हापासून मथुराबाईने ते काम आपल्याकडे घेतलं. सकाळी अंघोळ करून ती माजघरात बसायची आणि काम संपेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या चिंचेच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेल्या असत. शिशाच्या गोळ्या ती एकेक करून परातीत घरंगळवून बघायची. जी वाकडी पळेल ती पुन्हा वितळवायला जायची. बंदुकीची दारू सोनाराच्या काट्यात, गुंजा टाकून तोलायची. त्या गुंजासुद्धा एकसारख्या निवडलेल्या होत्या. कुशाबा म्हणायचा, आमच्या घरी आमटीत मीठ रोज वेगळं पडतं, पण काडतुसात एक गुंज इकडची तिकडे होत नाही. मथुराबाई यावर नुसती बघायची, आणि त्या दिवशी आमटी जरा जास्तच खारट व्हायची.

अशी वीस वर्षं गेली. कुशाबा चौकीचा नाईक झाला, त्याला खिंडीजवळ चौकीचं घर मिळालं. मग हळूहळू लोक बोलू लागले की नाइकाची नजर आता पहिली राहिली नाही, हात कापतो. ते राजाच्या कानावर गेलं. राजाने ठरवलं, दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की कुशाबाची परीक्षा घ्यायची. दोनशे पावलांवर पळसाचं पान टांगायचं आणि पाच गोळ्या झाडायच्या. पाचही पानात लागल्या तर कुशाबाच नाईक राहील. एक जरी बाहेर गेली, तर तशीच परीक्षा शेजारच्या गावच्या हैबतीची घ्यायची. हैबती तरणा होता, आणि चौकी मागत होता.

खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. म्हणून पाच काडतुसं अष्टमीलाच भरून देवीपुढे ठेवायची होती. अष्टमीला सकाळी मथुराबाई बसली. चार भरून झाली. तेवढ्यात तिची थोरली नणंद वेणूअक्का प्रसादाचं ताट घेऊन आत आली. काट्यातली गुंज न् गुंज बघून तिला राहवलं नाही.

“वहिनी, देवीचा नैवेद्य तू सव्वा शेराचा करतेस. नारळापुढे सव्वा रुपया ठेवतेस. आणि माझ्या भावाची लाज राखणारं काडतूस मात्र वाण्यासारखं तोलतेस? एक तरी देवीच्या नावाचं सव्वा भर की.”

वेणूअक्का मनाची वाईट नव्हती. भावासाठी नवरात्रभर अनवाणी चालत होती. मथुराबाईचा हात थांबला. देवाच्या कामात माप काठोकाठ नाही, वर थोडं हवं, हे तीही लहानपणापासून शिकली होती. पाचव्या काडतुसाची दारू तोलून झाली होती. त्यात तिने पावपट आणखी घातली, हात जोडले आणि गोळी बसवली.

संध्याकाळी काडतुसं देवीपुढे गेली. आणि मग तिला चैन पडेना. आपण देवीला काही दिलं, की देवीला बोललेला शब्द मोडला, हे तिला कळेना. दुसऱ्या दिवशी नवमी. काडतुसाला हात लावता येत नव्हता. नवऱ्याला सांगता आलं असतं. पण परीक्षेच्या तोंडावर त्याच्या मनात किंतु कशाला, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ती गप्प राहिली.

दसऱ्याच्या दिवशी माळावर गाव लोटलं. कुशाबा पालथा झोपला, रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवली. पहिली गोळी पानाच्या मधोमध गेली. दुसरी तिला चिकटून. तिसरी आणि चौथीही तिथेच. चारही भोकं एका रुपयाखाली झाकली गेली असती. पाचवी गोळी पानाच्या वीतभर वरून गेली.

कुशाबा उठला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग तो राजापुढे गेला, रायफल खाली ठेवली. लोक खरं बोलत होते, हात थकला, हत्यार परत घ्यावं, असं तो म्हणाला. पुन्हा कुणा वाटसरूच्या कानाजवळून गोळी जायला नको.

मग हैबतीची पाळी आली. त्याच्या पाचही गोळ्या पानात लागल्या, कुठे टोकाला, कुठे देठाशी, पण पानातच. त्याच्या गावच्या लोकांनी फेटे उडवले.

मथुराबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. चौकी गेली हे तिला कळलं होतं. पण तिची नजर नवऱ्यावरून हलत नव्हती. तो अजून आपल्या हाताकडेच बघत होता. आता गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. हा माणूस मात्र उरलेला जन्म स्वतःच्या हाताला दोष देत काढणार होता. ती पदर सावरून पुढे झाली.

“महाराज, हात त्यांचा चुकला नाही. माझा चुकला. पाचवं काडतूस मी जास्त भरलं, म्हणून गोळी वर गेली.”

हैबतीकडचे लोक हसले. हरल्यावर आता बायको पुढे आली, म्हणाले. चुलीपुढची बाई दारू तोलते म्हणे, उद्या तोफही हीच ओतील. राजाने हात वर केला आणि विचारलं, हे आम्ही खरं कशावरून मानायचं?

मथुराबाई म्हणाली, निकाल बदलू नका. चौकी हैबतींना गेली ती गेली. फक्त मला इथे, सगळ्यांदेखत पाच काडतुसं भरू द्या. चार नेहमीची भरीन, एक सव्वा भरीन. तुम्ही ती हवी तशी मागेपुढे करून त्यांच्या हातात द्या. सव्वा कुठलं, ते त्यांना कळू देऊ नका. राजाने होकार दिला, आणि काटा, गुंजा, दारू-गोळ्या आणायला घरी धावली ती वेणूअक्का. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

मथुराबाईने सगळ्यांदेखत पाच काडतुसं भरली आणि सव्वाचं कुठलं ते फक्त राजाला दाखवलं. कुशाबा रायफल उचलायला तयार होईना. तेव्हा मथुराबाई त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, “एवढी पाच झाडा. मग हवं तर खाली ठेवा. मी अडवणार नाही.”

नवं पान टांगलं. राजा एकेक काडतूस देत गेला. पहिली गोळी मधोमध. दुसरी तिच्याशेजारी. तिसरी वीतभर वर. चौथी आणि पाचवी पुन्हा मधोमध.

राजा म्हणाला, “तिसरं तेच होतं.”

कुशाबाने पुन्हा एकदा हाताकडे पाहिलं, आणि मग बायकोकडे. रायफल त्याने खाली ठेवली नाही.

राजाने निकाल बदलला नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाला. चौकी हैबतीची झाली, चौकीचं घरही. कुशाबाची रायफल त्याच्याकडेच राहिली. नवरा-बायको भांडीकुंडी घेऊन वेणूअक्काच्या घरी राहायला गेली. चार दिवस वेणूअक्का कुणाच्या नजरेला नजर देईना. पाचव्या दिवशी मथुराबाईनेच तिला हाक मारून जवळ बसवलं आणि म्हणाली, अक्का, तुम्ही सांगितलंत, पण हात माझा होता.

त्याच दुपारी हैबती दारात आला. हातात रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी. घरातल्यांना वाटलं, हा मिरवायला आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“काकी, मी जिंकलो. पण माझ्या पाच गोळ्या पाच ठिकाणी लागल्या, आणि काकांच्या एका जागी. खिंडीत पान टांगलेलं नसतं. तिथे माणसं असतात. माझी काडतुसं भराल का?”

मथुराबाईने पिशवी घेतली. भरीन म्हणाली, पण एका अटीवर. गोळी चुकली, तर हाताला दोष देण्याआधी मला येऊन सांगायचं. माझं चुकलं असेल तर मी माझं म्हणेन. हैबती हसला, म्हणाला, आणि माझं चुकलं तर? तर तुम्ही तुमचं म्हणा, ती म्हणाली. त्याला अट पटली.

मग त्याने कुशाबाकडे पाहिलं आणि जरा चाचरतच विचारलं, काका, तुम्ही चौकीवर आलात तर बरं होईल, नवी पोरं अजून कच्ची आहेत. कुशाबा उठला, पायात वहाणा घातल्या, रायफल खांद्याला लावली. तो नाईक राहिला नव्हता, पण खिंडीच्या वाटेला तोच पुढे होता आणि हैबती त्याच्या मागे.

तात्पर्य: देवाला वाढीव माप लागत नाही. घेतलेलं काम रोज तितक्याच मनानं आणि तितकंच करणं, हीच पूजा. आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी राहू न देणं, हे तिचं उद्यापन. ऐकणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, मथुराबाईला जमलं ते तुम्हालाही जमेल. आज घरी जाल तेव्हा एवढं करा: आपल्या हातून चुकलेलं आणि दुसरा कुणी आपल्या नावावर घेऊन बसलेलं काही असेल, तर त्याला जाऊन सांगा, “तुझं नाही, माझं चुकलं.”