पेंडलबीचं टाकं

हे पेंडलबीचं टाकं. अहो, तो फलक वाचत बसू नका! तो दिसला की डोकं फिरतं माझं. ‘पेंडलबी घराण्याची देणगी’ म्हणे! कसलं घराणं अन् कसलं काय. विलायतेतसुद्धा हे आडनाव विरळच. त्यातला कोणी आरमारात गाजला, कोणी मोठा धर्मगुरू झाला, एकानं म्हणे तारे शोधले. असतील बापडे. आमच्या वाट्याला दोन आले, अन् ते एकमेकांचे कुणी लागत नव्हते.

पहिला शिकारी साहेब. भर उन्हाळ्यात त्यानं आपल्या घोड्यांसाठी या टाक्यावर पहारा बसवला. सगुणा नावाच्या बाईचं पोर तहानेनं तडफडून गेलं. तेव्हा गावानं या कातळावर हात ठेवून शपथ घेतली, असं सांगतात: पेंडलबी नावाच्या माणसाला इथलं पाणी कधी द्यायचं नाही.

साहेब गेला. सगुणा म्हातारी झाली. मग गावात पटकी आली अन् तिच्यामागोमाग एक गोरा डॉक्टर आला. घरोघर फिरला, स्वतःच्या हातानं लोकांची घाण काढली. सगुणेचा नातू त्यानंच वाचवला. त्याला सगळे नुसतं डॉक्टरसाहेब म्हणत. शेवटी तोच आजारी पडला अन् या काठावर कोसळला. पाणी मागू लागला. पाटलानं तांब्या भरला, अन् घरी कळवावं म्हणून नाव विचारलं.

“पेंडलबी.”

पाटलानं भरलेला तांब्या ओतून टाकला! सगळं गाव उभं होतं, पण एकाचा हात पुढं झाला नाही. आमचेच पूर्वज हे! शपथ पाळली म्हणे. जळो मेली ती शपथ!

सगुणेला रानात कळलं. ती धावत आली अन् गावावर कडाडली, “मेल्यांनो, पोर माझं गेलं होतं! मी नाही म्हटलं का याला पाणी?” तिनं ओंजळ भरून त्याच्या ओठांशी नेली. पाणी गालावरून ओघळून गेलं. तो संपला होता.

मग त्याच कातळावर तिनं अख्ख्या गावाला दुसरी शपथ घ्यायला लावली.

आजही इथं पाण्याआधी कुणी नाव विचारत नाही, अन् सांगू लागलात तर ऐकूनही घेत नाही. मघाशी आल्या आल्या तुम्ही आडनाव सांगू लागलात, तेव्हा मी खेकसलो तो यासाठी. हं, धरा हा तांब्या. सगळा प्या.

झालं? आता सांगा, कोण तुम्ही?