बापाच्या निरोपाचं गाणं

सातपुड्याच्या डोंगरातल्या एका गावात मौजीलाल बेठेकर नावाचा एक कोरकू तरुण राहत होता. त्याला तालात बोलायची खोड होती. आश्रमशाळेत असताना तो बाकावर बोटं वाजवत धडे म्हणायचा. मास्तर रागवायचे, पण धडे पाठ असायचे, त्यामुळं त्यांना फार काही बोलता यायचं नाही. मोठेपणी त्यानं मोबाइलवर रॅप ऐकलं. गाणारे लोक कुठल्या तरी लांबच्या देशातले होते. त्यांची भाषा त्याला कळली नाही, राग मात्र कळला. त्याला वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल.

गावात तेव्हा दवाखान्याची नवी इमारत होती आणि तिला कायम कुलूप असायचं. मौजीलालनं त्यावर गाणं रचलं, थोडं कोरकूत, थोडं मराठीत:

‘दवाखाना पक्का आमचा, कुलूप त्याच्या दाराला,
तापा, बाबा, दम धर की, डॉक्टर येईल सोमवाराला!’

आंब्याखाली उभं राहून त्यानं ते मोबाइलवर गायलं. मागं त्याच्या मित्रांनी ढोलकी धरली. गाणं डोंगरातल्या गावागावांत गेलं, मग तालुक्याला गेलं. सोमवार नसलेल्या एका दिवशी दवाखान्याचं कुलूप निघालं आणि आत एक नर्सबाई येऊन बसल्या. लोक म्हणाले, “पोराच्या तोंडात जोर आहे.”

पुढं त्याला कॉलेजांतून बोलावणी येऊ लागली. मग पुण्याच्या एका संगीत कंपनीनं बोलावलं. तिथं निनाद नावाचे एक गृहस्थ गाण्यांची जुळणी करायचे. माणूस चांगला होता. त्यांनी मौजीलालची सगळी गाणी मन लावून ऐकली आणि म्हणाले, “शब्द झकास आहेत. पण तुझ्या मातीतलं असं काही दे, जे इथं कुणीच ऐकलेलं नाही.”

मौजीलालला लगेच एक गाणं आठवलं.

त्याच्या गावात रीत होती. माणूस गेला की त्याच्या नावाचा लाकडी खांब कोरून रोवायचा, आणि त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या फुलवंतीआजीनं निरोपाचं गाणं म्हणायचं. त्या गाण्यात गेलेल्याचं नाव घेऊन त्याला सांगतात, की आता इथं रेंगाळू नकोस, तुझे वाडवडील वाट बघताहेत, जा. एरवी ते गाणं कुणी गुणगुणतसुद्धा नाही. मौजीलालचा बाप वारला तेव्हा आजीनं ते म्हटलं होतं. मौजीलालनं ते मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं. बापाची फार आठवण आली की तो ते एकटाच ऐकायचा.

ते बाहेर काढावं की नाही, असा विचार त्याच्या मनात आला. नाही असं नाही. पण तो स्वतःशी म्हणाला, ‘माझ्याच बापाचा तर निरोप आहे. मी नाही वापरायचा, तर कुणी?’ आणि त्यानं मोबाइल निनादरावांच्या हातात दिला.

त्यांनी आजीच्या आवाजाखाली जोरकस ठेका घातला. मधे मौजीलालचं रॅप आलं. गाणं असं काही उचललं गेलं, की गणपतीत वाजलं, वरातीत वाजलं, रिक्षांतून वाजलं. परतवाड्याच्या बँडवाल्यांनीही ते बसवलं. मौजीलालचे फोटो चौकाचौकांत लागले. आवाज कुणाचा, शब्दांचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही.

तो गावी आला आणि मोठ्या हौसेनं त्यानं आईला गाणं ऐकवलं. आईनं ते शेवटपर्यंत ऐकलं. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिनं पदर सारखा केला.

“आई, लाखो लोक रोज ऐकतात हे,” तो म्हणाला.

“रोज?” आई म्हणाली. “मग तुझ्या बापाला रोज घालवतोस का रे?”

मौजीलाल हसला, पण ते हसू त्यालाच कोरडं वाटलं. त्यानं विषय बदलला.

त्याच सुट्टीत फुलवंतीआजीच्या धाकट्या मुलाचा, जियालालचा, खांब रोवायचा होता. विहीर खणताना दरड कोसळून तो गेला होता. आसपासच्या गावांतून पाहुणे आले होते. खांब उभा राहिला. आजी पुढं झाली. स्वतःच्या पोराला निरोप द्यायचा होता, पण ती खमकी होती. तिनं डोळे मिटले आणि सूर लावला.

दोन ओळी झाल्या असतील. पाहुण्यांमधल्या तरुण पोरांचे चेहरे उजळले. एकानं टाळ्यांचा ठेका धरला, दुसऱ्यानं खांदे नाचवले. तिसरा ओरडला, “अरे, हे तर मौजीभाऊचं गाणं!” मागं खसखस पिकली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वरातीत नाचलेली पोरं होती ती, सवयीनं पाय हलले.

आजी थांबली. तिनं पुन्हा सुरुवात करायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटेना. ती खांबाला टेकून खाली बसली. जियालालचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

मौजीलाल गर्दीत उभा होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या. काही नजरा कौतुकाच्या होत्या. त्याच त्याला जास्त लागल्या.

संध्याकाळी तो आजीच्या घरी गेला आणि उंबऱ्यापाशी बसला. “आजी, मी तुझं गाणं चोरलं,” तो म्हणाला.

“चोरलं नाहीस,” आजी म्हणाली. “ते तुझंही होतं. पण तुझ्या एकट्याचं नव्हतं. माझ्या जियालालचंही होतं ते. अजून जन्मले नाहीत, त्यांचंही होतं.”

आजी रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो पुण्याला गेला आणि गाणं मागं घ्यायला सांगितलं. निनादरावांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटलं. पण कंपनीचे मालक म्हणाले, “करारावर सही तुझीच आहे. गाणं आता कंपनीचं.”

पुढच्याच आठवड्यात त्याचा मोठा कार्यक्रम होता. मैदान भरलं होतं. तो मंचावर येताच हजारो लोक त्याच गाण्याचा गजर करू लागले. वाजवणाऱ्यांनी ठेका सुरू केला. मौजीलालनं हात वर करून तो थांबवला.

“हे गाणं आमच्याकडं माणूस मेल्यावर म्हणतात,” तो म्हणाला. “यात जे नाव तुम्ही ओरडता, ते माझ्या बापाचं आहे. मी ते तुम्हाला नाचायला दिलं. चूक माझी आहे. आजपासून मी ते गाणार नाही.”

शिट्ट्या सुरू झाल्या. “गाणं म्हण नाहीतर उतर खाली!” कुणीतरी ओरडलं. पाण्याची बाटली येऊन त्याच्या पायाशी पडली. तरी मौजीलालनं माइक सोडला नाही. त्यानं दवाखान्याचं गाणं धरलं. निम्मं मैदान रिकामं झालं. उरलेल्यांनी ते ऐकलं.

कंपनीनं त्याच्याशी संबंध तोडले. फोटो उतरले. तो गावोगाव हिंडला, पोरांना विनवून मोबाइलमधून ते गाणं काढायला लावलं. पुष्कळांनी काढलं. तरी एखाद्या वरातीत ते वाजायचंच. हवेत गेलेला आवाज मुठीत कसा धरणार?

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या बायका एकत्र बसल्या. त्यांनी ठरवलं, की ते गाणं आता निरोपाच्या कामाचं राहिलं नाही. कुणाला आपल्या आजीकडून ऐकलेली ओळ आठवली, कुणाला चाल आठवली. असं जोडत जोडत त्यांनी दुसरं गाणं उभं केलं. मौजीलालला त्यांनी तिथं बसू दिलं नाही. शब्द रचण्यात तो सगळ्यांत हुशार होता. तरी तो उठून गेला.

पीक निघाल्यावर जियालालला नव्यानं निरोप द्यायचं ठरलं. फुलवंतीआजी खांबापाशी उभी राहिली. तिनं मौजीलालला हाक मारली आणि ढोलकी त्याच्याकडं सरकवली. “बापाच्या वेळी नुसता मोबाइल धरून उभा होतास,” ती म्हणाली. “आज वाजव.”

त्यानं ढोलकी घेतली. आजीनं नवं गाणं म्हटलं आणि लेकाचं नाव स्वच्छ घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मौजीलाल अजूनही रॅप करतो. रस्त्यावर, शाळेवर, जंगलावर, स्वतःच्या फजितीवरही. पूर्वीइतका मोठा झाला नाही, पण डोंगरातल्या गावांत त्याला मान आहे. गावाची एखादी चाल घ्यायची झाली, तर तो आधी गावात बसून विचारतो. कधी हो म्हणतात, कधी नाही. नाही म्हटलं, तर तो ती चाल सोडून देतो.

तात्पर्य: जे सगळ्यांचं म्हणून आपल्या वाट्याला येतं, ते आपल्या एकट्याच्या मर्जीनं बाहेर देऊ नये; दिलं गेलंच, तर नावलौकिक गेला तरी चूक चारचौघांत कबूल करावी.