बोटाला की पोटाला

तांबडघाट उतरून निवणीत शिरलात आणि कोणाच्या ओट्यावर टेकलात, की पुढ्यात पेला येतो. पेला आणणारी बाई तुमच्या डोळ्यांदेखत त्यात आपली करंगळी बुडवते, दोन श्वास तशीच ठेवते, पदराला पुसते आणि मग पेला तुमच्या हातात देते. शहरातल्या माणसांची तोंडे इथेच वाकडी होतात. काही जण पेला नुसता ओठाला लावून खाली ठेवतात. ठेवू द्यावा. वाडीत त्याचा राग कोणी धरत नाही, फक्त तो माणूस जाईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवतात.

ही अकरा घरे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची. लोहारकाम करणारी, घाटातल्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारी. पुण्याकडची त्यांच्याच पंथाची मंडळी अधूनमधून येतात, तेव्हा खरी गंमत. त्यांचा नियम सरळ आहे. दारू-तंबाखू नको, चहा नको, कॉफी नको. दूध ऊन असले तरी चालते, आणि बाटलीतले काळे फसफसते पाणी ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून प्यावे. निवणीत चहा चालतो, पण पार निवलेला. दूध मात्र कढत असेल तर चालत नाही. पाहुणे चहाचा पेला बघून एकमेकांकडे बघतात, वाडी पाहुण्यांकडे बघते, आणि पंथाला कच्चे कोण नि पक्के कोण हे दोन्हीकडे मनातल्या मनात ठरून जाते. मग कोणीतरी वडीलधारे माणूस घसा खाकरून सांगायला बसते.

आगगाडी घाटात चढायच्या आधीची ही गोष्ट, असे सांगतात. त्या साली पटकीची साथ आली होती आणि वरच्या गावाने लोहारांची वाट काट्या टाकून बंद केली होती. तशात एक गोरा पोरगा काट्या ओलांडून खाली आला. त्याच्याबरोबर त्याचा दुभाषी, विसाजी मुनशी होता. मुनशीने सांगितले, हे एल्डर आहेत, म्हणजे यांच्या पंथातले वडीलधारे. वडीलधारे बावीस वर्षांचे होते आणि त्यांना मिशीसुद्धा धड फुटलेली नव्हती. पण आजाऱ्यांची डोकी मांडीवर घेऊन तो बसला, मेलेल्यांना खांदा दिला. साथ सरली तेव्हा अकरा घरांनी झऱ्यात उभे राहून त्याच्या पंथाची शपथ घेतली. लोक त्याला येल्लर म्हणत.

पावसाच्या तोंडावर येल्लर आपल्या देशी परत गेला. पत्र धाडतो म्हणाला होता. पत्र आले नाही. आले असेल तर मुनशीकडे आले असेल, कारण वाडीत वाचता त्या एकट्यालाच येत होते. मागे राहिला तो मुनशी आणि मुनशीच्या हातचा एक कागद. येल्लरच्या बोलण्याचे त्याने मराठी केले होते: दारू नको, तंबाखू नको, आणि उष्ण पेये नकोत.

पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना कळल्या. तिसरीने घोटाळा केला. चूल पेटवणाऱ्या बाईला विचारा, उष्ण म्हणजे काय. भांड्याला हात लावून चटका बसतो ते उष्ण, आणि थंडगार असूनही अंगात गेल्यावर पेटते तेही उष्ण. गार पाण्यात उगाळलेली सुंठ उष्णच, आणि कढत दूध गरम असले तरी गुणाने थंडच. येल्लरच्या मनात यातले कोणते होते, ते येल्लर घेऊन गेला. मुनशीने दोन्ही धरले. कढत पेज दिसली तर म्हणे, हे उष्ण. गार पाण्यात ओवा भिजवलेला दिसला तर म्हणे, हेही उष्ण. तो दिवसातून दोनदा वाडीतून फिरे, दारात उभा राहून नाक वर करी. पुढेपुढे शेजारणीच एकमेकींचा धूर बघायला लागल्या. माणसे बोलताना वास जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरू लागली, आणि हात धरला म्हणून संशय आणखी वाढला.

ठकू लोहारीण त्याच वाडीतली. नवरा पटकीत गेला, मुलगा राणू घणाशी, ती भात्याशी. नावच ठकू, त्यामुळे तिच्यावर डोळा जरा जास्तच. पण शपथ तिने मनापासून घेतली होती. नवऱ्याचे डोके शेवटी ज्या मांडीवर होते, त्या मांडीची शपथ होती ती. सात वर्षे तिच्या घरात वाफेचे काही कोणी प्याले नाही.

मग तिची सून चिमा बाळंत झाली. मुलगी झाली, पण तिसऱ्या दिवशी चिमाचे हातपाय गार पडले. दात वाजू लागले, आणि गोधड्या घालून घालून घरातल्या गोधड्या संपल्या. खालच्या गावची भागू सुईण आली, तिने पोट चाचपले आणि ठकूला बाजूला घेतले.

"सुंठ, बाळंतशेपा, गूळ. वर तूप. कढत द्यायचा, घोट घोट," ती म्हणाली. "निवलेला देशील तर झऱ्याचं पाणी पाजलंस काय आणि तो पाजलास काय, एकच."

"आमच्यात चालत न्हाई."

"मग तुमच्यात काय चालतं ते कर. माझं सांगून झालं."

ठकूने दार लावून घेतले आणि सात वर्षांत पहिल्यांदा काढा ठेवला. पण दाराला सुंठ अडत नाही. शेजारची रंगू ओसरीत येऊन म्हणाली, "काय ग ठकू, वास कशाचा?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. काढा उकळायच्या आत मुनशी आला. त्याने भांडे चुलीतच पालथे केले. राखेचा लोट उठला.

"मुनशीबाबा, पोरगी मरंल," ठकू म्हणाली.

"नियम मी केला नाही ठकू, मी फक्त मराठी केलं," तो म्हणाला. "उद्या सभेत सगळ्यांसमोर बोल. तोवर चूल थंड राहू दे. नाहीतर या घराशी वाडीचा पाणी-विस्तव बंद."

राख आवरताना ठकूच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, असे सांगतात. मुनशीच्या ओसरीवर एक तांब्या असे, फडके बांधलेला. त्यात औषधी पाणी असते असे तो सांगे आणि दिवसभर त्याचे घोट घेई. आपल्याला ते कधी संशयाचे वाटले नाही, याचाच तिला आता संशय आला. मुनशी पूर्वी लष्कराच्या छावणीत होता, साहेबांच्या पंगतीला. ती उठली, शेण गोळा करायची पाटी घेतली आणि मुनशीच्या परसात पेरूच्या झाडाखाली गेली. बुंध्याशी काळा चोथा टाकलेला होता, जुना आणि नवा. तिने चिमूटभर नाकाशी धरला. जळका, कडू वास. घाटातून बुंददाण्यांची पोती गेली की रस्त्यावर येई तोच. बुंद म्हणजे कॉफी. मुनशी कॉफी पीत होता, फक्त गार करून.

तिने मूठभर चोथा पदराच्या गाठीला बांधला.

सकाळी सभा जमली ती नेहमीसारखी झऱ्याजवळच्या सपाट खडकावर. राणूने चिमाला गोधडीसकट उचलून आणले होते. तिचे ओठ जांभळे पडले होते आणि ती सासूच्या नावाने आत्याबाई, आत्याबाई एवढेच पुटपुटत होती. सगळ्यांत मागून ठकू आली. तिच्या हातात चुंबळीवर ठेवलेले मातीचे बोळके होते. पितळ मुद्दाम घेतले नव्हते, पितळ हाताला चुगली करते. बोळके तिने खडकावर ठेवले. सगळे पुढे वाकले. आत काढा होता, पण वाफ नव्हती. वर बोटभर जाडीचे तूप तरंगत होते.

"काढा हाय," ठकू म्हणाली. "चोरून केला न्हाई. तुमच्याम्होरं आणलाय."

मुनशी हसला. "म्हणजे उष्ण."

"तेच इचारायला आले. उष्ण म्हंजे काय मुनशीबाबा? बोटाला की पोटाला?"

"दोन्ही."

"दोन्ही चालायचं न्हाई. येल्लरनं शबुद एक दिला, त्याचा अर्थ बी एकच आसंल." तिने पदराची गाठ सोडली आणि चोथा त्याच्या पायाशी ठेवला. अंगाने आडवी उभी राहिली, म्हणून तो फक्त त्यालाच दिसला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे पेरूखालचं. काय हाय ते म्या इचारत न्हाई. पोटाला म्हणालात, तर माझा काढा पालथा करते आन हे समद्यांना हुंगाया देते. बोटाला म्हणालात, तर जे निवलंय ते तुमचं बी चालतंय आन माझं बी. बोला."

मुनशीने पाय पुढे केला आणि चोथ्यावर ठेवला. मान खाली घालून तो पायाकडे बघत राहिला. लोकांना वाटले, प्रार्थना करतो आहे.

"बोटाला," तो शेवटी म्हणाला.

माणसांत कुजबुज झाली. पण मुनशी इतक्यात हरणारा नव्हता. वाफ नाही यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. सात वर्षे दुसऱ्यांच्या चुली हुंगलेला माणूस तो. त्याने बोळक्याकडे हात नेला. "बघू तर निवलाय का."

"बाळंतिणीच्या भांड्यात परक्या पुरुषाचं बोट?" ठकू म्हणाली.

यावर बायका एकदम बोलू लागल्या. रंगूसुद्धा म्हणाली, हे काही बरे नाही मुनशीबाबा. मुनशीने हात मागे घेतला आणि डोळे बारीक केले.

"मग तू घाल बोट. मी प्रार्थना म्हणतो. ती संपेपर्यंत काढायचं नाही."

काढा निवलेला नव्हता. चुलीवरून उतरवून सभेपर्यंत आणायला चार पावले लागली होती, आणि तुपाने वाफ वर येऊ दिली नव्हती एवढेच. काळे पडलेले लोखंड लाल लोखंडापेक्षा वाईट, हे लोहाराच्या बायकोला सांगावे लागत नाही. लालाला कोणी हात लावत नाही, काळ्याने मात्र बोटे जातात. तिने उजवा हात उचलला आणि बोटे पाहिली. भात्याच्या दांडीला चार बोटे लागतात, करंगळीचे तिथे काही काम नसते. तिने करंगळी तुपातून खाली घातली.

मुनशीने प्रार्थना सुरू केली. तो अगदी सावकाश म्हणत होता आणि डोळे उघडे ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होता. येल्लरसाठी मागितले, पावसासाठी मागितले, अकरा घरांची नावे एकेक करून घेतली. ठकू चिमाकडे बघत उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम आला, पण वैशाखात घाम सगळ्यांनाच येतो. कोणी म्हणतात, ती प्रार्थनेचे शब्द मुनशीच्या बरोबरीने म्हणत होती. कोणी म्हणतात, तिचे ओठ हललेच नाहीत.

"आमेन," मुनशी म्हणाला.

"निवलाय," ठकू म्हणाली आणि बोट काढून पदरात गुंडाळले. तिने डाव्या हाताने बोळके चिमाच्या ओठाला लावले. चिमाने पहिला घोट घेतला आणि दचकून सासूकडे पाहिले. त्या पोरीला तेवढ्या ग्लानीतही सगळे कळले असणार. तिने मान खाली घातली आणि फुंकर न मारता, चेहरा न हलवता, घोट घोट करून बोळके संपवले. अर्ध्या घटकेने तिचे दात वाजायचे थांबले.

माणसे उठून गेली. मुनशी मात्र बसून होता, पाय त्या चोथ्यावरच. ठकू झऱ्याकडे गेली, पदर सोडला आणि हात पाण्यात घातला. त्याने पाहिले. बोटाची कातडी पांढरी होऊन निघाली होती. काढा निवलेला नव्हता, हे त्या क्षणी मुनशीला कळले, आणि मुनशीला कळले आहे हे ठकूला कळले. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो उठला आणि घरी गेला.

तो का गप्प बसला, यावर वाडीत अजून एकमत नाही. लाज वाटली, असे काही म्हणतात. लाज कसली, बुंद उघडी पडेल म्हणून, असे बाकीचे म्हणतात, आणि मुनशीला ओळखणाऱ्यांच्या घराण्यात हेच दुसरे सांगितले जाते. एवढे खरे की संध्याकाळी ठकूने पुन्हा काढा ठेवला, तेव्हा तो तिच्या दारापर्यंत आला. आतून वाफ सरळ दिसत होती. रंगू आपल्या ओसरीतून बघत होती, तो काय करतो म्हणून. मुनशी वाफेकडे बघत जरा वेळ उभा राहिला.

"धुकं पडलंय," तो म्हणाला आणि वळला.

रंगूने आभाळाकडे पाहिले. वैशाख होता, आभाळ कोरडे खडखडीत होते. "व्हय," ती म्हणाली, "लईच पडलंय."

ठकूची करंगळी पुढे वाकडीच राहिली, तिला नख आले नाही. तिचे बोट सभेने मानले, म्हणून वाडीत पेयाची परीक्षा करंगळीने होऊ लागली, आणि निवलेले काहीही पोटात जाऊ द्यायचे असे ठरले. चहा आला तो त्याच वाटेने. बाटलीतले काळे पाणी आले, त्यातही एका म्हातारीने करंगळी घातली आणि म्हणाली, गार हाय, प्या. येल्लरला हे पटले असते का, कोण जाणे. पुण्याची मंडळी मान हलवतात, आणि बरोबर तीच असतील.

आजही निवणीत दूध, पेज, चहा, सगळ्यात बोट बुडते, आणि शेजारीण आजही शेजारणीच्या धुरावर डोळा ठेवून असते. पण बाळंतिणीच्या घरचा काढा कोणी तपासत नाही. भर उन्हाळ्यात त्या घराच्या खिडकीतून सुंठीचा वास आणि पांढरी वाफ बाहेर पडते, आणि पाहुण्याने विचारलेच की हे काय, तर अकरा घरांतले लहानथोर कोणीही तुम्हाला तोंडावरची रेषा न हलवता सांगेल, धुकं पडलंय.